रात्रीची उतरली का? गाडीची किल्ली घेण्याआधी वाचा
(लग्नसराईत आमच्या गाड्या नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

हळदीची रात्र जागून झालेली असते आणि सकाळी सहाला वऱ्हाड जळगावहून निघायचं असतं. किल्ली न्यायला आलेल्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: “उतरी गई ना भो!” डोकं हलकं झालं म्हणजे रक्तातली दारू गेली, असं मात्र नसतं.

42.8 टक्के लिहिलेल्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. श्वास, लघवी आणि घामातून त्यातलं थोडंच जातं, बाकी सगळं यकृताला मोडावं लागतं. यकृताचा वेग तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम. ठिबकवाल्यांना हे लगेच कळेल: टाकी काठोकाठ भरली म्हणून ड्रिपर जास्त पाणी सोडत नाही. म्हणजे एका क्वार्टरला 6 ते साडेआठ तास, आणि एका क्वार्टरवर थांबतं कोण? वर 8 टक्केवाली 650 मिलीची स्ट्राँग बिअर घेतली की आणखी 40 ग्रॅम. रात्री दहाला बसलेल्या माणसाचं अंग सकाळी आठ ते दुपारी बाराच्या दरम्यान कधीतरी मोकळं होतं. कुणाला याहूनही उशीर लागतो. तेवढीच दारू घेतली तरी बारीक अंगाच्या माणसाच्या आणि बहुतेक बायकांच्या रक्तात तिचं प्रमाण जास्त चढतं.

मोहाच्या दारूचा हिशेब आम्ही मांडत नाही. बाटलीवर लेबलच नाही, तर किती टक्के धरायचे?

लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तरतरी येईल, पण यकृताचा वेग वाढत नाही. आधी पोटभर जेवलं तर दारू हळू चढते, नंतर जेवून उपयोग नाही. झोपेतही तोच वेग. सकाळी ‘उतारा’ म्हणून घेतलेला पेग हिशेबात नव्याने मिळवावा लागतो. पान-वेलचीने तोंडाचा वास झाकला जाईल, पण पोलिसांचं यंत्र फुप्फुसातून येणारी हवा मोजतं.

कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम आहे. त्यापुढे पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आमचा नियम याहून कडक आहे: संशय आला तर किल्ली नाही, मग ग्राहक कितीही जुना असो. कन्नडच्या घाटात ओळख कामाला येत नाही.

रात्री बसायचा बेत असेल तर संध्याकाळीच कळवा, ड्रायव्हर देऊ. त्याच्या जेवणाची आणि झोपेची सोय तेवढी करा. “एक घे ना आप्पा” म्हणू नका. आग्रहच करायचा तर वरण-बट्टीचा करा, तो आग्रह ड्रायव्हर मोडणार नाही.