मेल येतात, म्हणजे पासवर्ड बरोबरच? तसं नाही

मेल येतात पण जात नाहीत, म्हणजे पासवर्ड ठीक आणि सर्व्हर बंद, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. मेल आणणारं आयमॅप आणि पाठवणारं एसएमटीपी या वेगळ्या सेवा आहेत. अनेक ॲप्समध्ये दोन्हींचे पासवर्ड स्वतंत्र साठवलेले असतात. पासवर्ड बदलल्यावर एक रकाना सुधारला जातो, दुसरा तसाच राहतो.

मेल पाठवताना एररचा आकडा येतो, ते सर्व्हरचंच उत्तर असतं; सर्व्हर बंद असता तर ते आलंच नसतं. म्हणून सेटिंग उलटीपालटी करण्याआधी तो आकडा वाचा (तो कुणीच वाचत नाही!). ५३५ म्हणजे ओळख पटली नाही. ५३० म्हणजे बहुधा लॉगिन झालंच नाही, किंवा आधी टीएलएस (जोडणी सुरक्षित, सांकेतिक करणारी पद्धत) सुरू करायला हवं. 'रिले ॲक्सेस डिनाइड' (मेल पुढे पाठवायला नकार) या एररमागेही अनेकदा लॉगिन न होणंच असतं.

पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) २५ टाकून बघा, हा सल्ला सोडा. तो मुख्यतः सर्व्हर-ते-सर्व्हर मेलसाठी आहे. आपल्यासाठी ५८७ किंवा ४६५. ५८७ वर स्टार्टटीएलएस (टीएलएस सुरू करणारी सेटिंग) बंद असेल, तर बरेच सर्व्हर लॉगिनचा पर्यायच देत नाहीत.

जीमेलवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल आणि ॲप फक्त पासवर्डच स्वीकारत असेल, तर नेहमीचा अचूक पासवर्डही नाकारला जातो. तिथे १६ अक्षरी ॲप पासवर्ड (गूगल खात्यातून वेगळा बनवलेला) लागतो.