जाता जात नाही तो जुना अँटीव्हायरस

मावशीच्या लॅपटॉपवर एक्सेलची साधी फाइल उघडायला दोन-तीन मिनिटं लागत होती आणि आतला पंखा थांबायचं नाव घेत नव्हता. आदल्या वर्षी मुलाने एक अँटीव्हायरस टाकून दिला होता. त्याची मुदत संपली तेव्हा ओळखीच्या दुकानातून दुसरा टाकून घेतला, पण पहिला काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. “दोन आहेत म्हणजे जास्तच सुरक्षित ना रे?” मावशीने विचारलं. प्रश्न रास्त होता. दाराला दोन कुलपं लावली तर घर अधिक सुरक्षित होतंच. पण कुलूप आपल्या जागी गप्प लटकून असतं. अँटीव्हायरस सतत हालचाल करत असतो, आणि त्याची ती हालचाल दुसऱ्या अँटीव्हायरसला संशयास्पद वाटू शकते.

विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा तो थेट डिस्कपर्यंत पोचत नाही. त्याची मागणी कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, खाली जाते. या वाटेवर ओळीने छोटे ड्रायव्हर, म्हणजे गाभ्यात राहून काम करणारे छोटे प्रोग्रॅम, बसवता येतात. त्यांना फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. कोणी वर बसायचं आणि कोणी खाली, याचा गोंधळ होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रत्येकाला ‘उंची’चा एक आकडा देते. ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा अँटीव्हायरससाठी राखलेला आहे. विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडरचा ड्रायव्हर ३,२८,०१० वर बसतो. ही रांग घरबसल्या पाहता येते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, एफ, एल, टी, एम, सी ही पाच इंग्रजी अक्षरं सलग टाइप करा आणि एंटर दाबा. मला ही यादी फार आवडते. आपल्या प्रत्येक क्लिकमागे कोण कोण उभं आहे, ते एका नजरेत दिसतं.

आता या वाटेवर दोन कंपन्यांचे पहारेकरी बसले आहेत असं समजा. तुम्ही फाइल उघडली. पहिल्याने मागणी रोखून धरली आणि तपासायला स्वतः ती फाइल उघडली. हे उघडणंही त्याच वाटेने जातं, म्हणून दुसऱ्याने ते रोखलं आणि आपली तपासणी सुरू केली. एका झिप फाइलसाठी एकाने आतला मजकूर तात्पुरता बाहेर काढला, तर दुसऱ्याला ती डिस्कवर उतरलेली नवी संशयास्पद फाइल दिसते. काम कित्येक पटींनी वाढतं. कधी दोघंही एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत राहतात आणि सगळं मशीन गोठतं. मावशीच्या एक्सेलचं दुखणं हेच होतं.

पूर्वी असं नव्हतं. फ्लॉपीच्या काळात अँटीव्हायरस हे बऱ्याचदा गरजेपुरतं चालवायचं अवजार असे. पुण्यात कैलाश काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेले कॉम्प्युटर येऊ लागले. ते साफ करायला धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातूनच पुढे क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी राहिली. त्या काळी अँटीव्हायरस बदलणं म्हणजे जवळपास फ्लॉपी बदलणं. आजचा अँटीव्हायरस चोवीस तास गाभ्यात राहतो, आणि तिथली चूक महागात पडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडून बिघाडाच्या निळ्या पडद्यावर आणून ठेवले. ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं होतं, तरीही एवढं घडलं.

म्हणून जुन्याला नीट निरोप द्यावा लागतो. सर्वांत घातक चूक म्हणजे त्याचं फोल्डर शोधून डिलीट करणं. बहुतेक वेळा ते जमतच नाही, कारण अँटीव्हायरस स्वतःचंही रक्षण करतो. घातक प्रोग्रॅम आत शिरला की बहुधा आधी पहारेकऱ्यालाच गाठतो. त्यामुळे विंडोज ८.१ पासून अँटीव्हायरसच्या सेवांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही सहज बंद करू शकणार नाही असं खास संरक्षण घेता येतं. समजा फोल्डर अर्धवट उडालंच, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ड्रायव्हरची नोंद राहते आणि फाइल मात्र नसते. तो ड्रायव्हर नेटवर्कच्या वाटेवरचा असेल तर इंटरनेटच बंद पडू शकतं.

सेटिंग्जमधून रीतसर अनइन्स्टॉल करा आणि मग रीस्टार्ट. इथे ‘रीस्टार्ट’ हा शब्द अक्षरशः घ्यायचा. चालू असलेल्या ड्रायव्हरची फाइल विंडोजला त्या क्षणी पुसता येत नाही. ती पुसायची आहे अशी नोंद करून ते काम पुढच्या बूटवर, म्हणजे विंडोज पुन्हा नव्याने सुरू होईल त्या वेळेवर, ढकललं जातं. पुष्कळ जण याऐवजी शट डाउन करून पुन्हा बटण दाबतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. पण विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे जुना ड्रायव्हर रात्रभर झोपून पुन्हा कामावर हजर! रीस्टार्टमध्ये मात्र कर्नल मुळापासून नव्याने उभा राहतो.

एवढं करूनही अवशेष उरले, तर बऱ्याच कंपन्या स्वतःचं सफाईचं टूल देतात. ते त्याच कंपनीच्या साइटवरूनच घ्यावं. काही टूल सेफ मोडमध्ये चालवायला सांगतात, कारण तिथे मोजकेच ड्रायव्हर चढतात आणि जुन्याची स्वसंरक्षणाची भिंत उभी नसते.

या मधल्या वेळात कॉम्प्युटर उघडा पडतो का? विंडोज १० आणि ११ वर सहसा नाही. दुसरा अँटीव्हायरस नोंदला गेला की डिफेंडर बाजूला होतो आणि तो निघाला की परत जागा घेतो. कधी अर्धवट नोंद उरल्यामुळे तो जागा होत नाही, म्हणून विंडोज सिक्युरिटी उघडून डोळ्यांनी खात्री करा. नव्याचा इन्स्टॉलर आधीच उतरवून ठेवलेला असला की ही वेळ आणखी कमी होते.

हीच अदलाबदल वापरणाऱ्याला न विचारता झाली तर कसं वाटतं, हे अमेरिकेतल्या लोकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये अनुभवलं. तिथल्या सरकारने कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली आणि अपडेट देण्याची मुदत २९ सप्टेंबरपर्यंतच ठेवली. त्याआधी कंपनीने ग्राहकांना अल्ट्राएव्ही या दुसऱ्या अँटीव्हायरसकडे वळवलं. अनेकांच्या कॉम्प्युटरवरून कॅस्परस्की आपोआप गेलं आणि कधी नाव न ऐकलेला प्रोग्रॅम तिथे येऊन बसला. संरक्षणात खंड पडू नये, असा कंपनीचा युक्तिवाद होता. तांत्रिकदृष्ट्या तो पटण्यासारखा आहे. तरी गाभ्यात कोणाला बसवायचं हे घरमालकाने ठरवावं, या मतावर मी ठाम आहे.

जुना काढण्याआधी त्याच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या कोठडीत, डोकावा. तिथल्या फाइली त्याने आपल्या पद्धतीने बंदिस्त केलेल्या असतात आणि त्याच्याबरोबर त्याही जाऊ शकतात. चुकून पकडलेली एखादी कामाची फाइल असेल तर आत्ताच सोडवा. त्याचा पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर पासवर्ड बाहेर काढून घ्या. शिवाय प्रोग्रॅम काढला म्हणून वर्गणी थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेचा संदेश यायला हवा. त्याची वाट न पाहता नूतनीकरण आधीच बंद केलेलं बरं.

नवा बसवून अपडेट झाला की आयकार चाचणी करा. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे. व्हायरस नसूनही अँटीव्हायरसनी तिला ओळखायचं असं ठरलेलं आहे. नवा पहारेकरी तिच्यावर ओरडला की ती पाच अक्षरं पुन्हा टाइप करा आणि यादी वाचा. मावशीच्या यादीत पहिल्या कंपनीचा ड्रायव्हर तेव्हाही बसलेलाच होता. सफाईचं टूल आणि आणखी एक रीस्टार्ट झाल्यावर तो गेला. मग मावशीने एक्सेलची फाइल उघडली, आणि पंखा शांत झाला.