सर्व्हो नियंत्रण, कॅमेरा-धारकाचे : दोषशोधन

यंत्रमानवावरील कॅमेरा आडव्या व उभ्या दिशेत वळविणाऱ्या धारकात सामान्यतः दोन छोट्या सर्व्हो मोटरी (सांगितलेल्या स्थितीला जाऊन तेथेच थांबणाऱ्या) असतात. अक्षाची स्थिती पोटेन्शिओमीटरने (फिरविल्यावर रोध बदलणाऱ्या घटकाने) मोजून ती आलेल्या विद्युत् स्पंदाच्या रुंदीशी, म्हणजे कालावधीशी, ताडणारे मंडल मोटरीतच बसविलेले असते. सुमारे २० मिलिसेकंदांनी येणारे स्पंद १ ते २ मिलिसेकंद रुंद असून १.५ मिलिसेकंदांना अक्ष मध्यावर येतो.

स्थितीतील फरकावर यंत्र चालविण्याच्या तत्त्वाचा आद्य उपयोग कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. फ्रेंच अभियंते लेओं फार्को यांनी १८७३ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केल्याने श्रेय बहुधा त्यांना दिले जाते. तथापि ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजासाठी मॅकफार्लेन ग्रे यांनी सु. १८६६-६७ मध्ये केलेल्या वाफेवरील सुकाणू-यंत्रातही हीच योजना आढळते. त्यामुळे केवळ ग्रंथावरून अग्रमान ठरविणे फारसे सयुक्तिक वाटत नाही. स्पंदरुंदीची आजची पद्धत १९६० च्या दशकात रेडिओ-नियंत्रित विमान-प्रतिकृतींच्या छंदातून रूढ झाली असावी.

धारक थरथरू लागला की दोष प्रथम प्रोग्रॅममध्ये शोधला जातो; प्रत्यक्षात तो अनेकदा वीजपुरवठ्यात असतो. अर्डुइनो ऊनो या नियंत्रक बोर्डाच्या यूएसबी जोडणीवरील फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा असतो, आणि दोन मोटरी एकदम सुटताना क्षणभर याहून अधिक प्रवाह मागू शकतात. तेवढ्यापुरता विद्युत् दाब कोसळून बोर्ड पुन्हा सुरू होतो. मल्टिमीटर मात्र ५ व्होल्टच दाखवितो, कारण इतका अल्पकाळचा खड्डा त्यात दिसत नाही. मोटरींना स्वतंत्र पुरवठा देऊन त्याचे व बोर्डाचे ग्राउंड (शून्य दाबाची तार) एकत्र जोडावे. ही जोडणी राहून गेल्यास मोटर भलतीकडेच फिरते.

यानंतरही थरथर उरल्यास स्पंद तपासावे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर प्रोग्रॅमने निर्माण केलेल्या स्पंदांची रुंदी इतर कामांमुळे बदलते. १० मायक्रोसेकंदांचा फरक म्हणजे सुमारे एक अंश, आणि ६० अंशांचे दृश्य ६४० पिक्सेलांत टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तो दहा-अकरा पिक्सेलांचा धक्का ठरतो. स्पंद निर्माण करणाऱ्या पीसीए९६८५ चिपने हे काम वेगळे काढता येते. अर्डुइनोची सर्व्हो लायब्ररी (मोटर चालविण्याचा तयार प्रोग्रॅम-संच) ० ते १८० अंशांसाठी ५४४ ते २४०० मायक्रोसेकंदांचे स्पंद पाठविते. एवढी न फिरू शकणारी स्वस्त मोटर टोकाला अडून गुणगुणते व तापते. ऊनोवर ही लायब्ररी ९ व १० क्रमांकांच्या पिनांवरील पीडब्ल्यूएम (स्पंदरुंदी बदलून करावयाचे नियंत्रण) बंद करते, हे सहसा ध्यानात येत नाही.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंश से. च्या वर जातो, तेव्हा अडलेली मोटर थंड होण्यास वाव कमी राहतो. चादरींच्या यंत्रमागांजवळ असा धारक बसविल्यास सुताची धूळ दंतचक्रांत जाते, तर मागांच्या मोटरी चालू-बंद होताना लांब सिग्नल-तारांत गोंगाट उतरू शकतो. तारा आखूड ठेवून ग्राउंडच्या तारेशी पिळून घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या झिजलेल्या दात्यांमुळे आलेला सैलपणा प्रोग्रॅमने भरून निघत नाही. दंतचक्रे बदलावी लागतात.