पोलिओचा वारसा आणि स्नायूंचा दुर्मीळ आजार

तिशीतल्या बाईला जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकावे लागू लागले, की घरचे म्हणतात, "जरा चालत जा, व्यायाम कर, ताकद येईल." सल्ला मायेचा असतो, पण तो दुसऱ्याच आजारातून, पोलिओतून, आलेला आहे. तिला मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार, असू शकतो.

हात टेकत उठण्याची ही पद्धत ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये वर्णन केली. पुढे १९५४ मध्ये वॉल्टन आणि नॅट्रास यांनी कंबर व खांद्यांपासून सुरू होणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा वेगळा गट मांडला. त्या गटातली जनुके सापडायला १९९० चे दशक उजाडले. दरम्यान आपल्याकडे पुनर्वसनाची घडी बसली ती वेगळ्याच रुग्णांसाठी. पुण्याचे आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठी सुरू झाले. मुंबईत हाजीअलीजवळची पुनर्वसन संस्था १९५५ ची, आणि तो काळ पोलिओचा होता. सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले तेव्हाही पायातली कमजोरी म्हणजे पोलिओ, हाच सर्वसाधारण समज होता.

पोलिओत स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशींचे नुकसान एकदा होते आणि थांबते, म्हणून उरलेल्या स्नायूला तालीम देणे शहाणपणाचे ठरते. डिस्ट्रॉफीत मात्र स्नायूपेशीच मुळात नाजूक असते. अनेक प्रकारांत तिचे आवरण सहज फाटते, काहींत फाटलेले नीट सांधले जात नाही. स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागला तर सर्वांत जास्त इजा होते. जिना उतरणे, वजन सावकाश खाली ठेवणे, उठाबशा काढणे यांत नेमके तेच घडते. १९७१ मध्ये जॉन्सन आणि ब्रॅडम यांनी अतिश्रमाने येणाऱ्या कमजोरीकडे लक्ष वेधले. त्यातून उलट टोक आले आणि रुग्णांना नुसते बसवून ठेवले जाऊ लागले. तेही चूकच, कारण न वापरलेला स्नायू झडतो आणि सांधे आखडतात. २००५ नंतर डेन्मार्कमधल्या अभ्यासांनी ही भीती बरीच कमी केली: बेताच्या जोराने बारा आठवडे सायकल चालवून काही प्रकारांतल्या प्रौढांचा दम वाढला आणि स्नायूंना इजा झाल्याचे दिसले नाही.

आजचा हिशेब यातूनच आला आहे. आठवड्यातून तीनदा, २० ते ३० मिनिटे, बोलता येईल इतक्याच जोराने. दुसऱ्या दिवशीही अंग दुखत असेल किंवा कमजोरी वाढली असेल, तर मात्रा जास्त झाली. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोलापूरच्या मे महिन्यात हे सगळे सकाळी लवकरच उरकावे.

कॅलिपरचेही असेच. पोलिओसाठी घडवलेला धातूच्या पट्ट्यांचा कॅलिपर कमकुवत कंबरेला उचलत नाही. पाऊल लोंबत असेल तर हलका पॉलिप्रॉपिलीनचा स्प्लिंट बरा, पण त्याच्या घोट्याचा कोन महत्त्वाचा. मांडीचा पुढचा स्नायू गेलेली व्यक्ती गुडघा मागे ढकलून, त्याला जणू कडी लावून उभी राहते. स्प्लिंटने पाऊल जास्त वर ओढले, की गुडघा पुढे येतो आणि ती कोसळते. पोट पुढे काढून चालणेही असेच कमावलेले संतुलन असते. ते "सुधारायला" कमरेचा घट्ट पट्टा बांधला, तर चालणेच थांबू शकते.

सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे, बैठकीची. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसते. त्याने कंबर आणि गुडघे आखडतात आणि उठणे हीच दिवसाची सर्वांत महागडी हालचाल होते. काम टेबलावर घ्यावे. खुर्ची ५० ते ५५ सेंटिमीटर उंच हवी, म्हणजे बसल्यावर नितंब गुडघ्यांपेक्षा वर राहतात. दिवाण उंच करायला पायांखाली ठेवलेल्या सुट्या विटा सरकतात, त्याऐवजी खाच पाडलेले लाकडी ठोकळे वापरावेत. संडासाची सोय सर्वांत आधी करावी. उठण्याच्या धास्तीने पुष्कळ बायका पाणीच कमी पितात, आणि इथल्या उन्हाळ्यात त्यातून मूतखडा आणि लघवीचा संसर्ग ओढवतो.

कायद्यात या आजाराचे नाव उशिरा आले. अपंगत्वाविषयीच्या १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी वेगळी नव्हती. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिला नाव दिले.

पोलिओकडून जी गोष्ट खरोखर घ्यायला हवी होती, ती मात्र मागे राहिली: श्वास. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या साथीत ब्योर्न इब्सेन यांनी फुप्फुसात हवा ढकलून रुग्ण जगवले. आजचा रात्री लावायचा बायपॅप, म्हणजे मुखवट्यातून हवा ढकलणारे यंत्र, त्याच विचाराचा आहे. काही प्रकारांत चालता येत असतानाच श्वासपटल कमकुवत होते. म्हणून श्वासाची क्षमता बसून आणि आडवे होऊन, दोन्ही प्रकारे मोजावी. झोपल्यावर ती २० टक्क्यांहून जास्त घटली, तर श्वासपटल थकले असण्याची शक्यता मोठी. खोकल्याचा जोर मिनिटाला २७० लिटरच्या खाली गेला, तर अँबू बॅगने (हाताने दाबून हवा देण्याच्या पिशवीने) श्वासावर श्वास साठवून खोकायला शिकवावे. सकाळी डोके दुखणे आणि दिवसा पेंग येणे या तक्रारी थकव्यावर ढकलू नयेत. अशा रुग्णाला नुसता ऑक्सिजन लावला, तर यंत्रावरचा आकडा सुधारतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. फाइलच्या पहिल्या पानावर दोन ओळी ठळक लिहून ठेवाव्यात: श्वासाला आधार दिल्याशिवाय नुसता ऑक्सिजन नको, आणि भूल देताना सक्सिनिलकोलिन (स्नायू ढिले करणारे औषध) नको.