गोठ्याचे पाणी आणि शेवाळाचा हौद : बसवून घेण्याआधी हे वाचा

गोठा धुतला की शेण, मूत आणि सांडलेल्या दुधासकट पाणी मागच्या खड्ड्यात जाते आणि तिथेच मुरते. त्यातल्या अमोनियाचे मातीत नायट्रेट होते आणि ते विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. तान्ह्या बाळांना ते घातक असते, आणि पाणी उकळून ते जात नाही. हे पाणी विहिरीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवायला हवे.

त्यासाठी आम्ही शेवाळ आणि जिवाणूंचा उथळ हौद बांधून देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ओस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात शहरी सांडपाण्यासाठी ही पद्धत विकसित केली. जिवाणू पाण्यातली घाण खातात, पण त्यांना प्राणवायू लागतो. एरवी तो ब्लोअर लावून द्यावा लागतो आणि विजेचे बिल तिथेच वाढते. या हौदात तो शेवाळ देते. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातला अमोनिया, फॉस्फरस घेऊन ते उन्हात वाढते आणि प्राणवायू सोडते. विजेवर फक्त पाणी हळू फिरवणारे चाक चालते.

रात्री मात्र शेवाळही प्राणवायू वापरते, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. पहाटेच्या धुण्याचे पाणी आधी टाकीत साठवा आणि ऊन चढल्यावर हौदात सोडा.

जागा किती लागेल? रोज १,००० लिटर पाणी, ८ दिवसांचा मुक्काम आणि ३० सेंटीमीटर खोली धरली तर सुमारे २७ चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठ्याहून थोडी जास्त. ती उघड्यावर, झाडाच्या सावलीबाहेर हवी. पावसाळ्यात ढगांमुळे काम मंदावते, म्हणून साठवण टाकी मोठी ठेवावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शेण पाण्यात जाऊ देऊ नका. आधी फावड्याने उचला, मगच पाणी मारा. शेणाने काळपट झालेल्या पाण्यात ऊन शिरत नाही. त्यात अमोनिया जास्त झाला तर शेवाळ मरते. म्हणून पाणी गाळून, हौदातल्याच स्वच्छ झालेल्या पाण्यात पातळ करून सोडतो.

दुसरी गोष्ट मोरचुदाची. खुरांसाठी फूटबाथमध्ये मोरचूद वापरत असाल तर ते पाणी हौदाच्या चरात कधीही सोडू नका. मोरचुदातले तांबे शेवाळाचा जीव घेते. फिनेल, ब्लीचिंग आणि मिल्किंग मशीन धुतलेले आम्ल किंवा कॉस्टिक यांच्यासाठीही वेगळी वाट काढा. आमचा माणूस पाहणीला आला की आधी हे चरच बघतो.

हौद बरा आहे की नाही हे काचेच्या बरणीत कळते. पाणी भरून अर्धा तास हलवू नका. हिरवट-तपकिरी गुठळ्या तळाशी बसून वर पाणी निवळले तर शेवाळ आणि जिवाणू नीट जमलेत. पाणी राखाडी दिसत असेल आणि कुजका वास येत असेल तर नवे पाणी थांबवा, चाक चालू ठेवा आणि आम्हाला फोन करा.

निवळलेले पाणी नेपियर, मका, लसूणघास यांना द्या. ठिबकला जोडण्याआधी वाळूची गाळणी लावा, नाहीतर ड्रिपर तुंबतात. हे पाणी जनावरांना पाजू नका. पाण्यातले क्षार या पद्धतीने जात नाहीत, म्हणून चोपण जमिनीत आधी माती-पाणी तपासा. तळाचा गाळ वाळवून शेणखतात मिसळा, त्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते.

चार-पाच गाई असतील आणि चाऱ्याला पुरेशी जमीन असेल तर हौदावर खर्च करू नका. गोबरगॅसची स्लरी थेट शेतात द्या. जनावरे जास्त, जमीन कमी आणि विहीर किंवा ओढा जवळ असेल, तिथेच हौद खरा उपयोगी पडतो.

पाहणीच्या दिवशी सकाळचे गोठा धुतलेले पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून सावलीत ठेवा आणि आदल्या दिवशी फवारलेल्या औषधांची नावे लिहून ठेवा.