हद्दींचा नकाशा, कानांनी काढलेला

"सिक्स ॲडम फॉर्टी-थ्री, फोर फिफ्टी-नाइन, कोड टू, आर. डी. सिक्स फोर सिक्स."

लॉस एंजेलिसच्या पोलीस डिस्पॅचरच्या, म्हणजे रेडिओवरून गाड्यांना कामं वाटून देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, तोंडून निघणाऱ्या वाक्याचा हा नमुना. बोलायला चार-पाच सेकंद लागतात. नुकताच स्कॅनर, म्हणजे पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा संच, घेऊन बसलेल्या माणसाला त्यातलं काही म्हणता काही कळत नाही. थोडी खरखर, काही आकडे, एक खटका आणि पुन्हा शांतता. मीही सुरुवातीला काहीतरी थरारक ऐकू येईल म्हणून कान टवकारून बसायचो. पाठलाग, दरोडा, असलं काही. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की ऐकण्यासारखं जे आहे ते या रटाळ आकड्यांतच आहे. ते जुळवत गेलं की शहराचा एक नकाशा तयार होतो. नेहमीच्या नकाशात तो दिसत नाही.

सुरुवातीचा ६ म्हणजे हॉलिवूड. लॉस एंजेलिस पोलिसांनी शहराचे २१ विभाग पाडले आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. 'ॲडम' हे ए या अक्षराचं बोलण्यातलं नाव. त्याचा अर्थ गाडीत दोन अधिकारी आहेत. त्या जागी 'लिंकन' ऐकू आलं तर अधिकारी एकटा आहे आणि बहुधा तक्रार लिहून घ्यायला निघाला आहे. 'एक्स-रे' असेल तर नेहमीच्या गाड्यांच्या जोडीला दिलेली जादा गाडी. पुढचा ४३ त्या गाडीचा आकडा, आणि त्यावरूनच तिची गस्तीची हद्द ओळखायची. ४५९ हे कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं घरफोडीचं कलम. कोड टू म्हणजे लगेच निघा, पण सायरन आणि दिवे नकोत. आर. डी. हे विभागाचे आणखी बारीक तुकडे, गुन्ह्यांची आकडेवारी मांडण्यासाठी पाडलेले. ६४६ मधला पहिला ६ पुन्हा हॉलिवूडच सांगतो.

दर शहराची रीत वेगळी. शिकागोत गाडीचा क्रमांक बहुधा चार आकडी असतो. पहिले दोन आकडे डिस्ट्रिक्टचे, तिसरा सेक्टरचा, चौथा बीटचा, म्हणजे एका गाडीच्या गस्तीच्या हद्दीचा. १०१२ ऐकलं की दहावं डिस्ट्रिक्ट, पहिला सेक्टर, दुसरी बीट. न्यूयॉर्कमध्ये प्रिसिंक्टचा (पोलीस ठाण्याच्या हद्दीचा) क्रमांक आणि त्यापुढे सेक्टरचं अक्षर: ॲडम, बॉय, चार्ली, डेव्हिड. कुठल्याही नव्या शहरात पहिल्याच दिवशी हे कोडं सोडवायला घ्यावं, बाकीचं आपोआप येत जातं.

माझी पद्धत साधी आहे. एक वही आणि तीन रकाने: गाडीचा क्रमांक, रस्ता किंवा चौक, वेळ. घर क्रमांक मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे कुणाचा तरी वाईट दिवस चाललेला असतो आणि नकाशाला चौक पुरतो. दोन-तीन आठवड्यांनी त्या नोंदी रंगीत ठिपक्यांनी नकाशावर उतरवायच्या, प्रत्येक गाडीला एक रंग. ठिपक्यांचे पुंजके दिसू लागतात, पुंजक्यांमधून सीमा दिसू लागतात. आणि त्या सीमा बऱ्याचदा मोठे रस्ते, रेल्वेमार्ग किंवा नदीपात्र धरून जातात. गाडीला जे ओलांडायला वेळ लागतो तिथेच हद्द थांबते.

या हद्दी एकसारख्या नसतात. एक बीट चार-सहा गल्ल्यांची, तर शेजारची मैलोगणती पसरलेली. बीट आखताना जमीन मोजायची नसते, काम मोजायचं असतं. मदतीसाठी किती फोन येतात, प्रत्येक प्रसंगी गाडी किती वेळ अडकते, याचा हिशेब करून प्रत्येक गाडीच्या वाट्याला साधारण सारखं ओझं यावं असं बघतात. १९६० साली शिकागोचे पोलीसप्रमुख झालेले ऑर्लँडो विल्सन हे या हिशेबी मांडणीचे मोठे पुरस्कर्ते. त्यामुळे तुमच्या वहीतली सगळ्यांत छोटी बीट सहसा सगळ्यांत धकाधकीची असते.

पण ठिपके टाकताना एक गोष्ट फार सतावते. रंग एकमेकांत मिसळतात. निळ्या गाडीचे ठिपके लाल गाडीच्या हद्दीत सापडतात. मला आधी वाटलं, आपलंच ऐकण्यात चुकतंय. खरं कारण गणितात आहे. एमआयटीतल्या रिचर्ड लार्सन यांनी १९७०च्या दशकात पोलिसांच्या गस्तीला रांगेचं गणित लावलं. गाडी निम्मा वेळ कुठल्या ना कुठल्या कामात अडकलेली असेल, तर तिच्या हद्दीतून कधीही फोन आला तरी ती मोकळी नसण्याची शक्यता निम्मी. मग डिस्पॅचर शेजारची गाडी पाठवते. तेवढा वेळ शेजारची हद्द रिकामी पडते आणि तिथला फोन तिसऱ्याच गाडीकडे जातो. म्हणजे गजबजलेल्या रात्री जवळजवळ निम्मी कामं 'परक्या' गाड्या करत असतात. हे कळल्यापासून मला मिसळलेले रंगच जास्त आवडू लागले, कारण शहरावर ताण कधी येतो हे त्यांच्यातच दिसतं. पहाटे चारचे ठिपके आपापल्या हद्दीत शहाण्यासारखे बसलेले असतात. शुक्रवारी रात्री अकराचे मात्र सगळीकडे विखुरलेले.

हद्दीत नुसतं फिरत राहिल्याने काय साधतं, हेही एकदा तपासून झालंय. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत १५ बीट निवडून त्यांचे पाच-पाचचे तीन गट केले. एका गटातली गस्त बंद केली, गाडी फक्त बोलावल्यावर यायची. दुसऱ्यात गस्त दोन-तीन पट केली. तिसऱ्यात पूर्वीसारखीच ठेवली. वर्षभराने गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण शहरातली खरी गस्त थांबवून मोजमाप करण्याचं धाडस मला आजही थोर वाटतं.

आता थोडं रेडिओकडे. १९२८ साली डेट्रॉइट पोलिसांनी गाड्यांमध्ये रेडिओ बसवले, पण ते एकतर्फी होते. गाडीला आदेश ऐकू यायचा, उत्तर द्यायचं तर रस्त्यावरचा फोन गाठावा लागे. गाडीतून बोलण्याची सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहरात झाली. त्या काळी पोलिसांच्या लहरी करमणुकीच्या केंद्रांच्या जरा वरच असत, म्हणून १९३०च्या दशकातल्या अनेक घरगुती रेडिओंच्या तबकडीवर 'पोलीस' अशी खूणच छापलेली असे. आमचा छंद पोलिसांच्या रेडिओइतकाच जुना आहे तो असा.

आजच्या गाडीतला किंवा खांद्यावरचा संच दुबळा असतो. म्हणून डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर ठेवतात. तो गाडीचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर घेतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात सोडतो. ४६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोहोंत ५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. रिपीटर ४६०वर बोलत असेल तर गाड्या ४६५वर. यातून एक सुंदर युक्ती निघते. रिपीटरऐवजी थेट गाडीची फ्रिक्वेन्सी लावून बसा. एरवी तिथे शांतता असते. पण कधी आवाज स्पष्ट उमटला, तर ती गाडी तुमच्या अगदी जवळपास आहे. एकदा मी असाच बसलो होतो, आवाज एकदम खणखणीत झाला आणि पाठोपाठ खिडकीखालून गस्तीची गाडी सावकाश निघून गेली. बिनतारी लहर अंतराप्रमाणे कशी विरते, हे पुस्तकात कितीदा वाचलं होतं, त्या रात्री ते कानांनी समजलं.

मोठ्या यंत्रणांत एका गटाला एक कायमचा चॅनेल नसतो. बँकेत पूर्वी प्रत्येक खिडकीला वेगळी रांग असायची, आता एकच रांग आणि जी खिडकी मोकळी होईल ती तुमची. ट्रंकिंग हेच करतं. एक कंट्रोल चॅनेल अखंड माहिती सोडत असतो: अमुक टॉकग्रुप (एकमेकांशी बोलणाऱ्या संचांचा गट), अमुक फ्रिक्वेन्सीवर जा. स्कॅनर ती वाचून मागोमाग उडी मारतो.

डिजिटल यंत्रणेत नवख्यांना रडवणारा प्रकार निराळाच आहे. सिग्नल भरपूर, तरी आवाज तुटतो. कारण अनेक मनोरे तोच संदेश एकाच क्षणी सोडतात. पी-२५ या पोलिसांच्या डिजिटल रेडिओ पद्धतीच्या पहिल्या पिढीत सेकंदाला ४८०० चिन्हं जातात, म्हणजे एकेक चिन्ह सुमारे २०८ मायक्रोसेकंदांचं. एक मनोरा दुसऱ्यापेक्षा १० किलोमीटर लांब असेल तर त्याची लहर ३३ मायक्रोसेकंद उशिरा येते आणि पुढच्या चिन्हावर सांडते. लोक अशा वेळी आणखी मोठी अँटेना लावतात आणि गोंधळ वाढवतात. उलट करावं. दिशादर्शक अँटेना एकाच मनोऱ्याकडे वळवावी, किंवा छोटी अँटेना घेऊन घरातली जागा बदलून बघावी. दोन हात सरकल्यावर आवाज स्वच्छ झालेला मी अनुभवला आहे.

कायद्याचं भान मात्र हवंच. अमेरिकेत सांकेतिक न केलेलं पोलिसांचं संभाषण ऐकायला १९८६च्या केंद्रीय कायद्याने मुभा आहे, पण न्यूयॉर्क राज्यात परवान्याशिवाय गाडीत असा स्कॅनर बसवता येत नाही. ब्रिटनमध्ये तर ऐकणंच गुन्हा. ऐकलेलं जगजाहीर करण्याचा मोहही टाळावा. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर शोधमोहीम चालू असताना लोक स्कॅनरवर ऐकलेल्या गोष्टी इंटरनेटवर टाकत होते, आणि पोलिसांनी आपल्या हालचाली उघड करू नका अशी विनंती केली होती. ती विनंती करायची वेळ यायला नको होती.

गेल्या काही वर्षांत बरेच चॅनेल कुलूपबंद झाले आहेत. कॅलिफोर्नियात २०२० साली राज्याच्या न्याय विभागाने लोकांची खासगी माहिती हवेतून उघडी जाता कामा नये असं बजावलं, आणि अनेक शहरांनी सगळं संभाषणच सांकेतिक केलं. पालो आल्टोने २०२१ मध्ये कुलूप लावलं आणि २०२२ मध्ये काढलं. पूर्ण कुलूप मला पटत नाही. नाव, जन्मतारीख, वाहन परवाना हे वेगळ्या बंद चॅनेलवर सांगता येतं, बाकीचं ऐकण्याचा नागरिकांचा हक्क राहायला हवा.

शेजारच्या एका गावाचा आवाज असाच बंद झाला. तरी मी तिथला कंट्रोल चॅनेल अधूनमधून लावतो. शब्द कुलपात असले तरी टॉकग्रुपचे आणि संचांचे क्रमांक तिथे अजून उघडेच जातात. पडद्यावर एक क्रमांक उजळतो, विझतो, दुसरा उजळतो. पहाटे चारला एखाददुसरा. शुक्रवारी रात्री अकराला मात्र वहीतल्या ठिपक्यांसारखे सगळे एकदम.