‘आराखड्यात नाव आलं म्हणजे कॉलेज मंजूर’: हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे वर्षानुवर्षं एक समज फिरतो: कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात, म्हणजे नवी कॉलेजं कुठे हवीत याच्या नियोजनात, गावाचं नाव आलं की कॉलेज आलंच. यात दोन चुका आहेत.

पहिली हद्दीची. शिवाजी विद्यापीठाचं क्षेत्र कोल्हापूर, सांगली, सातारा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचं गाव त्यात येतं, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं नाही. भाषा एक असली तरी संलग्नता, म्हणजे कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी जोडलं जातं ते, जिल्ह्यावर ठरते. बेळगावची कॉलेजं 2010 मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे असतात आणि त्यांना कर्नाटकचा 2000 चा विद्यापीठ कायदा लागू होतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यातील कलम 107 नुसार आराखडा पाच वर्षांचा असतो. त्यातला स्थळबिंदू म्हणजे ‘इथे गरज आहे’ एवढीच नोंद. नोंद नसेल तर कलम 109 प्रमाणे अर्ज विचारातच घेतला जात नाही. पण नोंद असली तरी आधी अर्ज, विद्यापीठाची छाननी, शासनाचं इरादापत्र (अटी पूर्ण केल्यास परवानगी देऊ, असं सांगणारं पत्र), मग अटींची पूर्तता, अंतिम परवानगी आणि शेवटी संलग्नता, एवढं सगळं बाकी असतं. इरादापत्रावर प्रवेश देता येत नाहीत. तसे दिले तर मुलांचं वर्ष धोक्यात येतं, आणि हे आम्हाला सर्वांत गंभीर वाटतं.

कॉलेजची मागणी करताना लोकसंख्येपेक्षा परिसरातून बारावी उत्तीर्ण होणाऱ्यांचा शाखानिहाय आकडा, जवळच्या कॉलेजातील रिकाम्या जागा आणि एसटीच्या वेळा मांडा. फक्त लोकसंख्येवर मागितलेल्या कॉलेजात वर्ग भरत नाहीत.